माणिकचा उजवा खांदा

निवृत्तीनंतर काय करता, असं कुणी विचारलं की मी सांगते, "मुलं बघते." यात खोटं काही नाही. पण एकदा पाथरीच्या एसटीत शेजारच्या बाईंनी हे ऐकलं आणि लगेच पर्समधून पुतणीचा फोटो काढून माझ्या हातात दिला. "पोरगी बारावी झालीय. मुलगा नोकरीवाला पायजे बगा." मी म्हटलं, "अहो, नवरदेव नाही, मी कबड्डीतली मुलं बघते." बाई हिरमुसल्या. दोन थांबे गेल्यावर म्हणाल्या, "त्यातला एखादा बरा निगाला तर कळवा."

तालुक्याच्या गावातल्या एका कॉलेजात मी तीस वर्षं पोरापोरींना खेळ शिकवला. निवृत्त झाले त्याच वर्षी कबड्डीच्या एका व्यावसायिक संघाकडून फोन आला. टीव्हीवर मॅटभोवती दिव्यांचा लखलखाट असतो ना, त्या स्पर्धेत खेळणारा संघ. बोलणाऱ्यांचं नाव दळवी. नवे खेळाडू शोधायचं काम त्यांच्याकडं. म्हणाले, "मॅडम, तुमच्या परभणीकडं कोण कसं खेळतं ते आम्हाला पुण्यात बसून कळत नाही. तुम्ही बघत जा, कळवत जा." तेव्हापासून मी बघते आणि कळवते. निवड करणारे वेगळे. माझ्या हाती फक्त चार पानांचा अर्ज असतो. खेळाडूचं नाव, उंची, वजन, गुण, दोष, आणि तिसऱ्या पानावर एक ओळ: पूर्वीच्या दुखापती. या एका ओळीनं माझं रक्त जेवढं आटवलं तेवढं तीस वर्षांच्या नोकरीनं आटवलं नाही.

चढाई करणाऱ्या खेळाडूला बघायला माझी गरज नसते. त्याला सगळं मैदान बघतं आणि त्याचे गुण फळ्यावर लिहिले जातात. माझा जीव अडकतो तो मध्यरक्षकात. नवख्या वाचकांसाठी सांगते. बचाव करणाऱ्या सात जणांत दोन टोकांना दोन कोपरारक्षक असतात. चढाईवाला आत आला की कोपरारक्षक त्याच्या घोट्यावर झडप घालतो. टाळ्या त्याला, गुणही त्याच्याच नावावर. पण नुसता घोटा किती वेळ धरून ठेवणार? तगडा गडी कोपऱ्याला तसाच फरफटत मध्यरेषेपर्यंत घेऊन जातो. अशा वेळी आतल्या बाजूनं येऊन जो कमरेला मिठी मारतो, नाहीतर खांद्याची धडक देऊन चढाईवाल्याला रेषेबाहेर घालवतो, तो मध्यरक्षक, पोरांच्या भाषेत कव्हर. जरा लवकर निघाला तर चढाईवाला सावध होऊन पळणार. जरा उशिरा निघाला तर कोपरा मरणार. आणि सगळं जमलं तरी त्याच्या नावावर काहीच नाही. मी स्वतः कॉलेजात उजवी मध्यरक्षक होते, तेव्हा मातीवर खेळायचो. माझं नाक जरा डावीकडं वळलेलं आहे ते त्यापायीच.

बघायला जाताना मी वही नेत नाही. वही दिसली की साधी साधी पोरंही हवेत उड्या घ्यायला लागतात. पोळीभाजीचा डबा आणि छत्री घेऊन कुणाची तरी आत्या आल्यासारखी बसते. आधी पाय बघते, मग हात. चूक झाल्यावर पोरगं खाली बघतं का सोबत्यावर डोळे वटारतं, हे बघते. खेळ थांबल्यावर तर जास्तच बघते, कारण तेव्हा कुणी आपल्याला बघतंय असं त्यांना वाटत नाही. एका सरपंचांनी पुतण्याला दाखवायला आणलं होतं. पोरगं दणकट, पण प्रत्येक गुण गेला की दुसऱ्याकडं बोट दाखवणार. सरपंच मला म्हणाले, "मॅडम, सोभावाचं लिवू नका. उंची लिवा उंची!"

लिहू नका म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यातल्या एकाचं मी ऐकलं, त्याची गोष्ट आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

त्याचं नाव गोविंद. चढाईपटू, वाऱ्यासारखा पोरगा. पण प्रेक्षकांच्या गॅलरीच्या पायऱ्या तो आडवा होऊन उतरायचा, आधी उजवा पाय, मग डावा. मी विचारलं तर म्हणाला, गुडघा थोडा धरतो, जाईल. त्याची बहीण माझीच विद्यार्थिनी. ती घरी आली, पाया पडली, म्हणाली, "मॅडम, तेवढं लिहू नका." मी तिसऱ्या पानावरची ओळ कोरी सोडली. खोटं लिहिलं नाही, असं मनाशी म्हणत राहिले. गोविंदची निवड झाली आणि सरावातच तो गुडघा गेला, कायमचा. आता तो पाथरीत मोबाइलचं दुकान चालवतो. मी दिसले की लंगडत बाहेर येतो आणि वाकून नमस्कार करतो. त्यानं दोन शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

यानंतर दोन वर्षांनी मला माणिक दिसला.

मानवतला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होत्या. दळवींनी आधीच सांगून ठेवलं होतं, "यंदा आम्हाला उजवा मध्यरक्षक पाहिजे. शिबिराला तुमच्या भागातून एकालाच बोलवू, पण खात्रीचा द्या." पहिल्या दिवशी दुपारी तिसऱ्या सामन्यात एक उंच, सावळा, हडकुळा वाटणारा मुलगा उजव्या बाजूला उभा होता. सगळे त्याच्या शेजारच्या कोपरारक्षकाच्या नावानं ओरडत होते, "सलीम! सलीम!" सलीम होताच तसा. मांजरासारखा खाली बसायचा आणि घोटा धरायचा. पण त्याच्या सहाच्या सहा पकडी यशस्वी का झाल्या हे मला दिसत होतं. सलीमचा हात घोट्याला लागायच्या क्षणी हा सावळा मुलगा तिथं असायचा. आधी नाही, नंतर नाही. मी डबा उघडला होता तो तसाच मांडीवर राहिला. इतक्या वर्षांत असा मध्यरक्षक मी बघितला नव्हता. शेजारच्या मास्तरांना नाव विचारलं. "माणिक. वालूरच्या बाजूचं हाय. मेंढरंवाल्याचं लेकरू. शेवटच्या वर्षाला हाय."

आनंद अर्धा तासच टिकला. खेळ थांबला तेव्हा कुणीतरी माणिककडं पाण्याची बाटली फेकली. ती त्याच्या उजव्या अंगाला, डोक्यावरून चालली होती. कुणीही उजवा हात वर करून झेलली असती. हा सबंध वळला आणि डाव्या हातानं झेलली. पुढच्या डावात त्यांचे चारच जण उरले. तेव्हा कोपरारक्षक आणि मध्यरक्षक हात धरून साखळी करून उभे राहतात. डावीकडच्या जोडीनं हात धरले. माणिक आणि सलीम हात न धरता उभे. म्हटलं, असू दे, एकेकाची पद्धत असते.

दुसऱ्या दिवशी उपांत्य सामन्यात माणिकनं एका भारी चढाईवाल्याला कमरेला धरलं. झटापट झाली, गडी बाद झाला, लोक उठून नाचायला लागले. माणिक मात्र सरळ चालत पंचांच्या टेबलामागं मांडवाच्या खांबापाशी गेला. सलीम त्याच्यामागं धावला आणि आमच्याकडं पाठ करून, दोन्ही हात कमरेवर ठेवून पडद्यासारखा उभा राहिला. मी जागा सोडून बाजूला सरकले. माणिकनं उजव्या हाताचं मनगट डाव्या हातानं गुडघ्यात दाबून धरलं, दात आवळले आणि हळूहळू मागं झुकला. मग त्यानं डोळे उघडले, घाम पुसला आणि दोघं मैदानात परत आले. अर्धं मिनिटही झालं नसेल. निखळलेला खांदा त्यानं स्वतःच बसवला होता आणि सलीम आणि माझ्याशिवाय कुणाला पत्ता नव्हता.

सामना संपल्यावर मी त्याला गाठलं. ओळख दिली. त्याचे डोळे चमकले.

"खांदा कितव्यांदा निघाला?" मी विचारलं.

"कोणता खांदा, मॅडम?"

सलीम मध्ये पडला. "मॅडम, त्याला काही तकलीफ नाही. मी हमेशा सोबत खेळतो, मला माहीत नाही का?"

तोंडातून निघालं तेवढं बोलून सलीमनं नजर खाली घातली. मला राग आला नाही. इतका चांगला कोपरारक्षक आपल्या मध्यरक्षकासाठी खोटं बोलणारच.

मी ज्याची शिफारस करायची त्याच्या घरी एकदा जातेच. पोरगं काय खातं, कुणाचं ऐकतं, हे घरातच कळतं. शनिवारी वालूरला उतरून जीपनं त्यांच्या गावी गेले. गावाबाहेर पत्र्याचं घर, दारात मेंढरांसाठी बाभळीच्या फांद्यांचा वाडगा. वडील मेंढरं घेऊन कुणाच्या तरी रानात खतासाठी बसवायला गेलेले. आई होती, सोजरबाई. एका कोकराचा पाय मांडीवर घेऊन चिंधीनं बांधत होती. मला बघून उठली नाही, पण हसली. "बसा बाई. याचा पाय उखळलाय, एवढं बांधते अन् चहा टाकते."

मी म्हटलं, "तुम्हाला हाडं बसवता येतात?"

"मेंढरायची येतात की. माणिकचा हात बी मीच बसविते."

आतून माणिक आला आणि दारातच थांबला.

"कितींदा बसवला?" मी विचारलं.

"पाच-सा खेपा झाल्या असतील. शीर चढती त्याची. तेल लावून वढलं की बसतो." मग माझा चेहरा बघून तिचा हात थांबला. "कामून ओ बाई? वंगाळ हाय का काई?"

मी तिला घाबरवलं नाही, एवढंच सांगितलं की आता हात बसवायचा नाही, डॉक्टरला दाखवायचं. चहा झाल्यावर माणिक मला जीपपर्यंत सोडायला आला. मग म्हणाला, "मॅडम, तुमी फक्त लिवू नका. बाकी मी सांबाळतो. दोन वर्ष झाले, सांबाळायलोच की."

"आणि तिथं मोठ्या गड्यांसमोर निघाला तर?"

"तुमी बी कव्हरलाच खेळलाव म्हणं. मग तुमाला काय सांगायचं? कोपऱ्यानं धरलेलं असताना कव्हरनं सोडून जायचं नसतं."

जीप सुरू झाली म्हणून बरं झालं.

सोमवारी सलीमनंच त्याला समजावून परभणीला आणलं. माझ्या ओळखीच्या हाडांच्या डॉक्टरांनी तपासलं, मशिनीतून फोटो काढले. हाड खोबणीत धरून ठेवणारी कड फाटली होती आणि हाडाची बाजूही झिजायला लागली होती. डॉक्टर म्हणाले, "आत्ता शस्त्रक्रिया केली तर आठ-नऊ महिन्यांनी खेळेल. असाच खेळत राहिला तर पुढच्या एखाद्या वेळी हाड तुटेल, मग खेळ सोडा, डोक्यावर ओझंसुद्धा उचलता येणार नाही." माणिकनं एकच विचारलं, "शिबिर कदी हाय?" मी म्हटलं, तीन आठवड्यांनी. तो उठून बाहेर गेला आणि बसस्टँडपर्यंत आमच्या दहा पावलं पुढं चालत राहिला.

अर्ज बुधवारपर्यंत पाठवायचा होता. मंगळवारी दिवसभर तो टेबलावर पडून होता. मी भांडी घासली, कपाट आवरलं, कोथिंबीर निवडली. गुण लिहिताना हात भरभर चालला, एवढं कौतुक मी कुणाचंच लिहिलं नव्हतं. तिसऱ्या पानावर आले की पेन ठेवायची. कोरं सोडलं तर दुसरा गोविंद. लिहिलं तर या पोराच्या आयुष्यात आलेली एकच वाट माझ्या हातानं बंद. शेवटी बुधवारी सकाळी लिहिलं: "उजवा खांदा अनेकदा निखळलेला. शस्त्रक्रिया आवश्यक. यंदा बोलावू नये. पुढच्या वर्षी याच्यापेक्षा चांगला मध्यरक्षक तुम्हाला मिळणार नाही, ही माझी जबाबदारी." अर्जाचा फोटो काढला आणि स्पर्धेवाल्यांकडून घेतलेला सामन्याचा व्हिडिओ जोडून पाठवून दिला.

इथं माझ्या हातून चूक झाली. लिहिलं ते योग्यच होतं, आजही वाटतं. पण पाठवण्याआधी मी माणिकला सांगितलं नाही. फोन उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. म्हटलं, उद्या सांगू. खरं म्हणजे मला त्याचा आवाज ऐकायची भीती वाटली.

दळवींचा फोन संध्याकाळी आला. "मॅडम, आजारी माणसाची शिफारस कोण करतं? आणि ते पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी. त्याच्या शेजारचा कोपरारक्षक कसा आहे? तुम्ही पाठवलेल्या व्हिडिओत तोच चांगला दिसतो."

"तो चांगला आहेच. पण शेजारी माणिक आहे म्हणून एवढा दिसतो."

"पाठवा त्याला."

सलीम घरी आला तो रडकुंडीला येऊन. "मॅडम, मी जाऊ का? तुम्ही जा म्हणलात तरच जातो." मी जा म्हटलं आणि अर्जात काय लिहिलंय तेही सांगितलं. तो कसा नको म्हणणार, आणि त्यानं नको का म्हणावं? जायच्या आधी माणिकला सगळं सांगायची वेळ त्याच्यावर आली. माझ्या अर्जातलं वाक्य माणिकला सलीमच्या तोंडून कळलं.

मी तीन वेळा फोन केला. माणिकनं उचलला नाही.

पंधरा-वीस दिवसांनी एका रविवारी सकाळी सोजरबाईंचा फोन आला. आवाज घाबरा. "बाई, माणिक पातरीला गेलाय खेळायला. तितं कोण्या दुसऱ्या संघाचा माणूस येणार हाय म्हणं. मला म्हणला, हात आवळून बांद. मी म्हणलं, बाईनं न्हाई सांगितलंय. तर सोताच बांदून गेला. मला लय भ्या वाटायलंय ओ."

मी चप्पल घातली आणि निघाले. एसटीची वाट न बघता जीप धरली. ती जीप माणसं भरत भरत, थांबत थांबत निघाली आणि मी ड्रायव्हरच्या मानेकडं बघत बसले. पाथरीत पोहोचले तेव्हा सामना सुरू होऊन दुसरा डाव लागला होता. माणिक खेळत होता, सदऱ्याखाली खांद्याला पट्टा दिसत होता. सलीम शिबिराला गेलेला, शेजारी कुठल्या तरी गावचा अनोळखी, उतावळा कोपरारक्षक होता. मी मैदानाच्या कडेला जाऊन उभी राहिले. आपण आत जाऊन त्याला बाहेर काढावं का? कोणत्या नात्यानं? पंच मला ओळखत होते, पण मी कोण सांगणार, की याच्याविरुद्ध लिहिणारी बाई? मी पदराचं टोक दातात धरून उभी राहिले. सात-आठ चढाया गेल्या. प्रत्येक वेळी वाटायचं, आता. आणि काही झालं नाही की वाटायचं, कदाचित माझंच चुकलं असेल.

मग त्यांचे चार जण उरले. त्या नव्या कोपऱ्यानं, त्याला काय माहीत, माणिकचा उजवा हात घट्ट धरला. चढाईवाला आत आला. कोपऱ्यानं हात न सोडताच पुढं सूर मारला.

माणिक ओरडला नाही. बसला, आणि मग आडवा झाला. दोन-तीन माणसं धावली. एकजण म्हणाला, "वढा वढा, झटका द्या, बसतोय!" दुसऱ्यानं मनगट धरलंसुद्धा. मी कशी पोहोचले मला आठवत नाही. "हात लावू नका!" असा आवाज माझ्या तोंडून निघाला, तीस वर्षं मैदानावर कमावलेला. सगळे मागं सरले. मी त्याच्याजवळ बसले, हात होता तसाच पोटाशी टेकवला, एका मुलीची ओढणी मागून घेऊन झोळी बांधली. बोटं हलवून बघायला सांगितली. हलली. मग दंडाच्या बाहेरच्या बाजूला बोट टेकवून विचारलं, "कळतंय का?"

"न्हाई," तो म्हणाला. "इतं झोपल्यावानी झालंय."

शीर दाबली गेली होती.

पाथरी ते परभणी हा रस्ता मी हजार वेळा केला असेल, त्या दिवसाएवढा लांब तो कधी नव्हता. जीपमध्ये मी त्याला माझ्या अंगाशी टेकवून धरलं होतं. प्रत्येक खड्ड्याला तो डोळे मिटायचा. मानवत मागं पडल्यावर पहिल्यांदा बोलला.

"मॅडम, तुमी लिवलं ते खरंच लिवलं."

मी त्याची झोळी सारखी केली.

"पण मला सांगून लिवायला पायजे होतं. मी काय तुमचा हात धरणार होतो?"

मी म्हटलं, "चुकलं माझं." त्यानं डोकं माझ्या खांद्यावरून काढलं नाही.

दवाखान्यात भूल देऊन खांदा बसवला. हाड तुटलं नव्हतं, एका कडेचा टवका उडाला होता. शस्त्रक्रिया सरकारी योजनेत झाली. त्या कागदांसाठी मी आणि सोजरबाई चार दिवस खिडक्यांपुढं उभ्या होतो. ऑपरेशनच्या दिवशी बाहेरच्या बाकावर त्या एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "मीच वढू वढू बिगडवला त्याचा हात." मी त्यांना सांगत होते की नाही, तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आणि मनात म्हणत होते, मला तर सगळं माहीत होतं.

दंडाची बधिरता जायला दोन महिने लागले. ते दोन महिने मी रोज सकाळी फोन करून एकच विचारायची, "कळतंय का?" एके दिवशी तिकडून ओरडणं ऐकू आलं, "माशी बसलेली कळली, मॅडम!"

सलीम शिबिरातून आधीच परतला होता. त्याला ठेवून घेतलं नव्हतं. मला म्हणाला, "मॅडम, घोटा तर मी धरत होतो. पण मागून कुणी येतच नव्हतं." तक्रार नव्हती त्याची, नुसतं नवल.

माणिक कॉलेज संपवून परभणीत एका दुकानात कामाला लागला आणि रोज दुपारी माझ्या अंगणात यायला लागला. सायकलची जुनी ट्यूब खिडकीच्या गजाला बांधून हात बाहेर ओढणं, आत ओढणं. भिंतीवर बोटांनी चढत जाणं. डॉक्टरांनी दिलेला कागद मी दारावर चिकटवला होता. पहिल्यांदा हात डोक्याच्या वर गेला तेव्हा त्यानं तिथंच ठेवला, बराच वेळ, जणू खाली आणला तर परत जाणार नाही. नवव्या महिन्यात डॉक्टरांनी मॅटवर उतरायची परवानगी दिली. त्या वर्षीच्या जिल्ह्याच्या सामन्यांत तो सलीमचा हात धरून उभा राहिला. मी मात्र एकही पोळी गिळू शकले नाही.

अर्जाची वेळ आली. या खेपेला मी माणिकला घरी बोलावलं, समोर बसवलं आणि चारही पानं मोठ्यानं वाचून दाखवली. गुण वाचताना तो लाजून फरशीकडं बघत होता. दोष वाचले, "घाईत डावा पाय मागं राहतो." त्यानं मान हलवली. तिसरं पान वाचलं, खांद्याची सगळी हकीकत, शस्त्रक्रियेची तारीख, डॉक्टरांचा दाखला. वाचून झाल्यावर विचारलं, "पाठवू?"

त्यानं तिसरं पान माझ्या हातातून घेतलं. म्हटलं, आता हा म्हणणार, खांद्याचं काढा.

"मॅडम, एक ऱ्हायलं," तो म्हणाला. "डावा गुडगा बी लिवा. जास्त न्हाई, पण लय पळालो की सुजतो. म्हणून तर पाय मागं ऱ्हातो."

एवढ्या वर्षांत लिहू नका म्हणणारेच भेटले होते. गुडघा म्हटल्यावर मला गोविंद आठवला. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडं नेलं. कमजोरी होती, फाटलेलं काही नव्हतं, व्यायामानं भरून निघणार होतं. तेही लिहिलं.

दोन दिवसांनी दळवींचा फोन. "मॅडम, खांद्याचं समजलं. पण हे गुडघ्याचं तुम्हाला कसं दिसलं? व्हिडिओत तर काही कळत नाही."

"मला दिसलं नाही. त्यानंच सांगितलं."

फोन कटला असं वाटून मी दोनदा हॅलो हॅलो केलं.

"स्वतःहून?"

"स्वतःहून."

"पाठवा त्याला."

शिबिरात त्याला ठेवून घेतलं, राखीव म्हणून. सलीमला दुसऱ्या एका संघानं त्याच वर्षी बोलावलं, तो अजून मैदानात उतरायची वाट बघतोय. माणिक पहिले काही सामने बाकावर बसून होता. मी प्रत्येक सामन्याआधी देवाला दोन परस्परविरोधी गोष्टी मागायची, त्याला खेळायला मिळू दे, आणि नको मिळू दे.

मग एका संध्याकाळी उजव्या मध्यरक्षकाचा पाय मुरगळला आणि माणिक उतरला. सोजरबाई वालूरला भाच्याच्या घरी टीव्हीसमोर बसल्या होत्या, हे मला माहीत होतं. मी माझ्या घरी उभी होते, बसवेना. समोरच्या संघाचा सगळ्यात दांडगा चढाईवाला आत आला, उजव्या कोपऱ्याकडं वळला. कोपऱ्यानं घोटा धरला. माणिक निघाला, उजवा खांदा पुढं करून.

मी डोळे मिटले. टीव्हीतून मोठा गलका झाला. तेवढ्यात फोन वाजला.

"बाई," सोजरबाई धापा टाकत होत्या, "पडला का उबा हाय ओ?"

"तुम्ही बघत नाही का?"

"मी डोळे झाकलेत."

"मी पण."

"मंग आता कुणाला इचारावं?"

मग मी म्हटलं, "उघडू या. तुम्हीही उघडा."

माणिक उभा होता. दांडगा गडी रेषेबाहेर पडला होता, कॅमेरा त्याच्यावर होता आणि मागं, चौकटीच्या अगदी कडेला, माणिक उजवा हात उंच करून पंचांना काहीतरी दाखवत होता.